पत्ते नव्हे, कार्ड्‌स!

मला काहीही जमवण्याचा छंद नाही. लहानपणी होता, बँकेत लागलो आणि गेला. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी येऊन आणखी काही मोजावंसं वाटत नाही. आमच्या कॅशमधले एक जण मात्र याला अपवाद होते. त्यांना घरी पोळी घेतानासुद्धा अंगठा ओला करायची सवय लागली होती. शेवटी वहिनींनी त्यांच्या ताटाशेजारी, लोणच्याच्या बरणीला लागून, ओला स्पंज ठेवायला सुरुवात केली अशी आमच्या शाखेत दंतकथा आहे.

तेव्हा गेल्या महिन्यात एका रविवारी मी चांगले चार तास एका कॅफेत बसून रंगीत पत्त्यांची देवघेव पाहत होतो, हे ऐकून मला ओळखणाऱ्यांना धक्का बसेल. पण त्यात माझा दोष नाही. आमंत्रणातच तसं लिहिलं होतं.

आमंत्रण आणलं चिरंजीवांनी. चिरंजीव सहावीत आहेत. गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर मी शतपावली करत होतो (हॉल ते स्वयंपाकघर, चौदा पावलं), तेवढ्यात ते मोबाइल घेऊन आडवे आले.

"बाबा, रविवारी ट्रेड मीट आहे. कर्वे रोडला."

मी बी.कॉम. 'ट्रेड' हा शब्द कानावर पडला की माझ्या डोळ्यांपुढे ट्रेड डिस्काउंट, हुंड्या आणि अकाउंटन्सीच्या पुस्तकातले ते अजरामर 'ए' आणि 'बी' उभे राहतात. दोघांचं कधी पटलं नाही, पण दर प्रकरणाच्या शेवटी 'सी'ला भागीदारीत घ्यायला दोघेही तयार! पोरगं सहावीतच धंद्याला लागलं या कल्पनेने माझा ऊर भरून आला.

"कसला ट्रेड रे?"

"पोकेमॉन कार्ड्‌सचा."

ऊर पुन्हा होता तेवढा झाला.

"पत्त्यांचा?"

"पत्ते नाहीत, बाबा. कार्ड्‌स!"

मोबाइलवर खाली बारीक अक्षरांत होतं: प्रवेश विनामूल्य, बारा वर्षांखालील मुलांसोबत पालक आवश्यक. मी म्हटलं, "मग आईला ने." त्याबरोबर स्वयंपाकघरातून आवाज आला, "रविवारी माझी भिशी आहे." बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात भिशी चालते आणि तिचा व्याजदर त्याला सांगितला जात नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

ज्यांच्या घरी सात ते पंधरा या वयोगटातलं मूल नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडी माहिती देतो. पोकेमॉन हे जपानी प्राणी. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात नसलेले, पण आमच्या हॉलमध्ये बारमाही वास्तव्य असलेले. त्यांचे पत्ते १९९६ च्या ऑक्टोबरात जपानात निघाले आणि १९९९ च्या जानेवारीत इंग्रजीत आले. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉस्टिंगशी झटत होतो, त्यामुळे या घटनेकडे माझं दुर्लक्ष झालं. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा. त्यांचा खेळही आहे. त्याला साठ पत्त्यांचा गठ्ठा लागतो, पण आमच्याकडे ते खेळताना मी कुणाला पाहिलेलं नाही. ते जमवायचे, लावायचे, पुन्हा वेगळ्या क्रमाने लावायचे आणि बाबांनी हात लावला की ओरडायचं. विकत मिळतात ते बंद पाकिटात. आत काय निघेल हे पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक खूण असते. गोल असेल तर तो सामान्य, चौकट असेल तर जरा बरा आणि चांदणी असेल तर दुर्मीळ. आम्हीही खातेदारांची अशीच वर्गवारी करतो. फक्त ती पासबुकावर छापत नाही.

आणि किमती! जपानात १९९७-९८ मध्ये चित्रस्पर्धेतल्या विजेत्या मुलांना बक्षीस म्हणून दिलेला 'पिकाचू इलस्ट्रेटर' नावाचा एक पत्ता आहे. त्यातला एक लोगन पॉल नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजून घेतला. हे मला चिरंजीवांनी सांगितलं तेव्हा मी सवयीने रुपये केले. तेव्हाच्या भावाने ३९ कोटींच्या घरात गेले. मग आणखी सवयीने त्यावर ठेवीचं व्याज काढलं आणि रात्री उशिरापर्यंत जागा राहिलो.

खरं सांगायचं तर या वेडाला नावं ठेवण्याचा मला नैतिक अधिकार नाही. १९८७ सालच्या रिलायन्स कपाच्या वेळी मी तिसरीत होतो. तेव्हा बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं निघत आणि त्यांच्यावर धावा छापलेल्या असत. त्या धावांसाठी मी इतकं बबलगम चघळलं, की भारत उपांत्य फेरीत हरला त्या संध्याकाळी माझा जबडा खऱ्या अर्थाने दुखत होता. पुढे १९९३ च्या सुमारास, नववीत, कुस्तीवाल्यांचे ट्रम्प कार्ड्‌स आले. कुणाची उंची किती, वजन किती, छाती किती, दंड किती. भूगोलात आम्हाला कृष्णेची लांबी येत नसे, पण उंचीला जायंट गोन्झालेस आणि वजनाला योकोझुना हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत होतो. माझ्याकडे अख्खा संच होता. मे महिन्यात मी मामाकडे गेलो आणि आईने माळा साफ केला. योकोझुना रद्दीत गेला, किलोवर. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं वजन कमी भरलं असेल.

तर रविवारी दुपारी चिरंजीव आपला फोल्डर छातीशी धरून स्कूटरवर माझ्या मागे बसले. फोल्डर म्हणजे नऊ-नऊ खिशांची प्लॅस्टिकची पानं असलेली वही. पुढच्या पानांत त्याने खाऊच्या पैशांतून एकेक पाकीट घेऊन जमवलेले पत्ते. आणि शेवटच्या पानांत माझी भेट.

या भेटीबद्दल सांगायला हवं. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या वाढदिवसाला मी मंडईजवळच्या एका हातगाडीवरून सोनेरी पोकेमॉन पत्त्यांचा डबा आणला होता. एकूण पंचावन्न पत्ते, सगळे लखलखीत सोनेरी. गाडीवाल्याने अडीचशे सांगितले. मी दीडशेवर आणले. पत्ता पडला २ रुपये ७३ पैशांना. दुकानात दहा-वीस पत्त्यांना शेकड्यांनी रुपये मोजणाऱ्या आईबापांची मला त्या दिवशी कीव आली. डबा उघडल्यावर चिरंजीव क्षणभर गप्प राहिले, मग "थँक्यू बाबा" म्हणाले आणि मला घट्ट मिठी मारून आत पळाले. आनंद पोटात मावत नाहीसा झाला असणार, असं मी हिला सांगितलं.

कॅफे पहिल्या मजल्यावर होता. प्रवेश विनामूल्य हे खरंच होतं, पण आत बसायचं तर काहीतरी मागवावं लागत होतं आणि कॉफी होती दोनशे वीस रुपयांना. आमच्या भाषेत याला 'प्रोसेसिंग फी' म्हणतात. जोडलेल्या टेबलांभोवती चाळीसेक मंडळी होती. निम्मी मुलं, काही कॉलेजातली, आणि नोकरी करणारे बाप्येसुद्धा! एक तर माझ्यासारखाच टक्कल पडू लागलेला गृहस्थ. मला वाटलं, चला, एक समदुःखी पालक भेटला. जवळ जाऊन विचारलं, "आपला कुठला?" त्याने अभिमानाने स्वतःच्या फोल्डरवर हात ठेवला.

सगळे दबक्या आवाजात बोलत होते. एकाने आपला फोल्डर दुसऱ्याकडे सरकवायचा, त्याने पानं उलटायची, एखाद्या पत्त्यावर बोट ठेवायचं आणि भुवई वर करायची. मग मालकाने मोबाइलवर भाव बघायचा, सुस्कारा टाकायचा आणि मान हलवायची. लग्न जमवण्याच्या बैठकीत याहून अधिक गांभीर्य मी पाहिलेलं नाही. तिथे निदान पोहे तरी फुकट असतात.

माझ्या शेजारी एक दाढीवाला तरुण बसला होता. डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग लावून तो एका पत्त्याचे कोपरे तपासत होता. म्हणाला, "काका, कॉर्नरला व्हाइटनिंग आहे. नऊपण येणार नाही." चौकशीअंती कळलं, की अमेरिकेत या पत्त्यांना मार्क देणाऱ्या कंपन्या आहेत. चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसा आहे, हे पाहून दहापैकी गुण देतात. दहा मिळाले तर हजारो रुपये, आणि नऊ मिळाले तर माणूस जेवत नाही.

मला राहवलं नाही. मी त्याला रिझर्व्ह बँकेचं औदार्य सांगितलं. पन्नास किंवा त्याहून मोठी नोट फाटली, तरी तिचा सलग तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर आम्ही पूर्ण पैसे देतो. चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर निम्मे. आणि तुमच्याकडे एक कोपरा केसभर पांढरा झाला तर किंमत निम्मी? मी बँकेत लागलो तेव्हा पिना नुकत्याच बंद झाल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये नोटांच्या पाकिटांना पिना टोचायला मनाई केली. त्याआधीच्या नोटा तर चाळणीसारख्या असत, पण शंभराची शंभरच होती की नाही?

दाढीवाल्याने भिंग काढलं. "काका बँकेत आहेत?"

"बावीस वर्षं. बरीचशी कॅशवर."

"मग खोट्या नोटा ओळखता येत असतील."

आता हे विचारायचं असतं का? मी खुर्ची पुढे ओढली. पाचशेची नोट काढली. तिरकी केली की धागा हिरव्याचा निळा कसा होतो ते दाखवलं, कडेच्या उठावाच्या रेघांवर त्याचं बोट फिरवलं, उजेडावर धरून जलचिन्ह दाखवलं. भोवती पाच-सहा मुलं जमली. चिरंजीवांनी मान वर करून पाहिलं. चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. दाढीवाल्यानेही मग आपली विद्या दाखवली. दोन साधे पत्ते मोबाइलच्या टॉर्चपुढे धरले. एकातून उजेड आरपार, दुसऱ्यातून जवळजवळ नाहीच. खऱ्या पत्त्याच्या पुठ्ठ्यात मधोमध एक काळपट थर असतो, तो उजेड अडवतो. नकली पत्त्यांचा हल्ली बाजारात सुळसुळाट झालाय म्हणे.

"पण तुम्हाला बघताक्षणीच कळत असेल, काका."

"न कळायला काय झालं?" मी म्हणालो. "हाताला कळतं. खोटं ते खोटंच."

हे वाक्य मी म्हणालो. चाळीस माणसांत म्हणालो.

दुसरी कॉफी संपत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की चिरंजीवांचा धंदा काही होत नाहीये. तीन साधे पत्ते देऊन एक चांदणीवाला घेतला, तेवढंच. बाकी वेळ ते फोल्डर उघडून, टेबलाच्या कडेला अंग चोरून बसलेले. आमच्या घराण्यात विक्रीकौशल्य नाहीच. मीही आयुष्यात एकदाच विमा विकला, तोही मलाच. पण मुलाच्या बाबतीत बापाला स्फुरण चढतं. मी फोल्डर पुढे ओढला, मधली पानं एका झटक्यात उलटली, शेवटच्या पानातला सर्वांत झगझगीत सोनेरी चॅरिझार्ड खिशातून काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे बघा! याचं बोला काहीतरी."

चिरंजीव "बाबा, नको—" म्हणाले, पण तोवर पत्ता पडला होता.

टेबल गप्प झालं. दाढीवाल्याने भिंग उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. समदुःखी गृहस्थ आपल्या कॉफीत बघू लागले. त्यांची सभ्यता मला आज कळते. समोर पुढचा दात पडलेली, दोन वेण्यांची एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. सभ्यतेचं वय तिला अजून यायचं होतं.

"काका, हे फेक आहे."

"काय?"

"फेक. खोटं. खऱ्या कार्डची पाठ निळी असते. ही सोनेरी आहे." तिने पत्ता उलटा केला. मग वाकवून सोडला. तो टणकन सरळ झाला. "आणि हे प्लॅस्टिक आहे. खरं कार्ड पुठ्ठ्याचं असतं. मंडईत मिळतात असली."

मंडईत! पोरीने पत्तासुद्धा सांगितला.

मी काहीतरी हसल्यासारखं केलं. कान तापले होते. आणि त्या क्षणी, काही कारण नसताना, मला आमच्या काउंटरवरची फुलवाली मावशी आठवली. गेल्या वर्षी तिच्या भरण्यात एक पाचशेची नोट खोटी निघाली. नियम असा, की खोटी नोट परत द्यायची नाही. शिक्का मारायचा, जप्त करायची, पावती द्यायची. मी सगळं नियमाने केलं. "मावशी, नोट खोटी आहे. पैसे मिळणार नाहीत." मावशी खिडकीशी थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, "असं कसं साहेब? मी तर फुलं खरी दिलीवती." मी म्हणालो, "पुढचे या." माझ्या आवाजात आणि या पोरीच्या आवाजात एवढाच फरक होता, की ती निदान 'काका' तरी म्हणाली.

नियमाचंच बोलायचं तर आणखी एक आहे. एका वेळी चारपर्यंत खोट्या नोटा आल्या तर पोलिसांना महिन्याच्या शेवटी एकत्र कळवायचं. पाच किंवा जास्त आल्या तर लगेच एफ.आय.आर. माझ्या मुलाला मी एकदम पंचावन्न दिले होते.

तो आता रडणार, असं मला वाटलं. मी हळूच त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे चॅरिझार्ड उचलून कापडाने पुसत होता.

"हे ट्रेडला नाहीत, बाबा," तो माझ्या कानाशी म्हणाला. "म्हणून शेवटच्या पानात होते. तूच काढलंस बाहेर."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"डबा उघडला तेव्हापासून. बॅकसाइड बघितली ना."

"मग बोलला नाहीस ते?"

तो जरा विचारात पडला. "तू सांगत होतास ना, की अडीचशेचा दीडशेला आणला. खूप वेळ सांगत होतास."

खूप वेळ म्हणजे रात्री जेवताना, मग फोनवर माझ्या भावाला, मग दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गेटवर, त्याच्यादेखत. आठ महिने हा मुलगा माझ्या पाठीशी उभा राहिला होता. मी हरभऱ्याच्या झाडावर बसलेलो, आणि हा खालून झाड धरून.

इकडे वेण्यांच्या मुलीचा विचार बदलला असावा. तिने आपल्या फोल्डरमधून एक पत्ता काढला आणि पुढे सरकवला. पिकाचू. पाठ निळी. खालच्या कोपऱ्यात गोल खूण, म्हणजे सामान्यच, पण खरा.

"मला ते दे ना," ती चिरंजीवांना म्हणाली. "माझ्या छोट्या भावाला चमकणारं आवडतं. त्याला फेक कळत नाही."

मी बी.कॉम. आहे. दोन रुपये त्र्याहत्तर पैशांच्या खोट्या मालाला खरा माल मिळतो आहे, फसवणुकीचा प्रश्नच नाही, कारण गिऱ्हाइकाने माल तपासून, जाहीरपणे खोटा ठरवून मग मागितलेला. असा शुद्ध व्यवहार मी पुस्तकातही वाचला नव्हता. मी टेबलाखालून चिरंजीवांना गुडघ्याने ढोसलं. एकदा. दोनदा.

"नाही," चिरंजीव म्हणाले. "सॉरी. हा ट्रेडला नाही."

"अरे, दुसरे चोपन्न आहेत!" मी कुजबुजलो.

"त्यातला दे," मुलगीही म्हणाली. तिचे कान तिखट होते.

त्याने शेवटची पानं उलटून नीट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग एक बेडकासारखा सोनेरी प्राणी काढून तिला दिला. पिकाचू घेतला नाही. "भावाला असाच दे," म्हणाला. माझ्या बी.कॉम.ला त्या दिवशी कुणी विचारतच नव्हतं.

चॅरिझार्ड मात्र पुन्हा त्याच्या खिशात गेला.

निघताना मी दाढीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे पत्ते ठेवायच्या जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेट्या विकायला होत्या. टॉपलोडर म्हणतात त्यांना. दुर्मीळ पत्ता त्यात ठेवला की वाकत नाही, कोपरे पांढरे होत नाहीत. एक वीस रुपयांना. मी घासाघीस केली नाही. दाढीवाल्याने विचारलं, "कुठल्या पत्त्यासाठी, काका?"

"पत्ता नाही," मी म्हणालो. "कार्ड."

स्कूटरवर चिरंजीव मागे बसले आणि फोल्डर आमच्या दोघांच्या मध्ये आला. सिग्नलला मी हिशेब केला. माल २ रुपये ७३ पैशांचा, पेटी २० रुपयांची. मालाच्या सातपटींहून जास्त खर्च नुसता तो सांभाळायला. शिवाय दोन कॉफ्यांचे चारशे चाळीस. घरी गेल्यावर ही विचारणार, एवढ्या वेळात केलंत काय? मागून आवाज आला, "बाबा, आईला कितीला सांगायचा?"

"वीसला," मी म्हणालो. "आणि तीसचा वीसला आणला म्हणून सांग."